एसीचं पाणी

रुवीत, हमरियाच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर
गॅलरीला काच लावून केलेली माझी चित्रशाळा.
सव्वा माणूस मावतो.
मी बसले की उरलेल्या पाव माणसात
कपडे वाळत घालायचा स्टँड.

शुक्रवारची सकाळ तेवढी माझी.
एरवी क्लिअरिंग एजंटचं ऑफिस,
कंटेनरचे नंबर, शिक्के,
आणि शिक्क्यावर पुन्हा शिक्के.

टेबल म्हणजे इस्त्रीचं टेबल.
रंग कालवायला लबनेच्या डब्याचं झाकण.
ब्रश उभे खजुराच्या पत्र्याच्या डब्यात,
तळ अजून चिकट आहे,
म्हणून उचलताना प्रत्येक ब्रश
किंचित आढेवेढे घेतो.
खडू खालच्या मुराद टेलरचा, कापडावर खुणा करायचा.
आणि पाणी एसीचं.
नळाचं पाणी कागदावर पांढरी कड धरतं,
हे मात्र हवेतून पिळून काढलेलं,
बेचव, नितळ, कुणाचंच नसलेलं.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री,
आत नळीतून बादलीत
टप्.
सबंध मस्कतचा घाम माझ्याकडे जमा होतो,
असं मी म्हणते. ऐकायला कुणी नसतं.

एका हॉटेलला लॉबीसाठी पाच चित्रं हवी होती.
"उंट, होडी, किल्ला, उंट, होडी," मॅनेजर म्हणाला,
"बाकी तुमच्या मनासारखं."
तीन महिने मनासारखं काही होईना.
किल्ला काढला, तो बिस्किटासारखा खुसखुशीत झाला.
उंटाला डोळे आले आमच्या अकाउंटंटचे.
समुद्राला मी हातच लावला नाही,
उगाच निळा कशाला संपवायचा?

ऑगस्टात एसी बंद पडला.
सुकुमारन आला, शिडी, पाना, दातांत दोन स्क्रू.
टेबल सरकवताना त्याच्या हाताला लागलं
माझं ब्रश पुसायचं फडकं.
त्यानं ते उजेडाकडे धरलं
आणि स्क्रू तसेच ठेवून विचारलं,
"मॅडम, ही जागा कुठली?"

फडकं आहे हो ते, मी म्हटलं.
"नाही नाही. मी गेलोय इथे.
इब्राच्या पुढे रस्ता असा खाली उतरतो ना..."
त्याचं बोट उतरत गेलं
किल्ल्याच्या पुसलेल्या पिवळ्यावरून,
उंटाच्या पायांवरून,
आणि एका डागापाशी थांबलं.
"इथे माझी गाडी बंद पडली होती. रात्रभर."

सात रियाल घेऊन तो गेला.
बादलीत पुन्हा टप्.
मी फडकं मांडीवर पसरून बसले,
त्याचा रस्ता काही मला सापडला नाही.
सापडला एक जांभळा.
उभ्या जन्मात मी जांभळ्याची ट्यूब घेतलेली नाही.
माझी पाठ असताना
तपकिरी आणि निळा यांनी
आपसात काय ते ठरवून टाकलं होतं.

मग त्या दिवशी रंग भिजवलेच नाहीत.
आठ नंबरच्या ब्रशचा दांडा बघितला,
विचार करताना मी चावते तिथली लाकडाची कुसळं.
डब्यावरचं खजुराचं झाड बघितलं,
छापताना हिरवा जरा सरकलेला,
झाडाशेजारी उभं झाडाचं भूत.
किती वर्षं यात ब्रश ठेवतेय मी!
मुरादचा खडू घेतला आणि
बादली काढली.
नुसती बादली, नळी,
आणि पडायच्या बेतातला थेंब.

मॅनेजरनं चित्र उलटं करून मागची बाजूही पाहिली,
तिथे तरी उंट असेल म्हणून.
होड्या त्यानं छापखान्यातून आणवल्या.

बादली आता स्टँडच्या वर टांगली आहे,
ओल्या टॉवेलांच्या शेजारी.
मार्चमध्ये सुकुमारन गॅस भरायला आला,
चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.
मी चहा टाकायचं विसरले.
"नळी चुकली, मॅडम," तो म्हणाला.
"असा उतार दिला तर पाणी उलटं आत जाईल."

बरोबर होतं त्याचं.
मी खोडरबर शोधू लागले.